छापील माफीनाम्यावर सही करू नका

प्रश्न : मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी विद्यापीठात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमचा अभ्यासक्रम पुढच्या वर्षापासून बंद होणार, असं परिपत्रक निघालं. आम्ही काही जणांनी प्रशासकीय इमारतीसमोर दुपारभर शांतपणे ठिय्या दिला. त्यानंतर आठवड्याने आचारसंहिता बदलून 'विनापरवानगी जमणे' हे गैरवर्तन ठरवलं आणि त्याच कलमाखाली मला एकटीला कारणे दाखवा नोटीस आली. सात दिवसांत खुलासा द्यायचाय. विभागातून छापील माफीनामा दिलाय. 'सही कर, विषय मिटेल,' म्हणतात. काय करू?

उत्तर : सही करू नका. 'माझ्याकडून गैरवर्तन झाले' असं लिहिलेला कागद म्हणजे कबुली. विषय मिटला नाही, तर पुढे तोच कागद तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. विषय मिटेल म्हणणाऱ्यांनी तुम्हाला लेखी काहीच दिलेलं नाही, हेही लक्षात घ्या.

तुमच्यापुढे दोन वेगळी प्रकरणं आहेत : तुमच्यावरची नोटीस आणि अभ्यासक्रम बंद होणं. ती एकत्र करू नका. खुलाशात अभ्यासक्रमाची बाजू मांडण्याचा मोह होईल. राग समजतो मला, आणि तो रास्तही आहे. पण तुमच्या नोटिशीवर निर्णय घेणारी समिती त्यातून एवढंच वेचेल की ठिय्या तुम्ही दिला आणि त्याचं समर्थनही करता.

खुलासा एका पानाचा हवा. मुख्य मुद्दा तारखेचा. साधारण असं लिहा : 'नोटिशीत नमूद केलेले कलम ज्या दिवशी लागू झाले, त्याआधीच्या घटनेला ते लावता येत नाही. माझ्याविरुद्धची तक्रार, अहवाल व चित्रीकरण यांच्या प्रती मिळाव्यात. त्या मिळाल्यावर सविस्तर खुलासा देण्याचा हक्क राखून ठेवते. निर्णयापूर्वी प्रत्यक्ष सुनावणी द्यावी.' हा कागद मुदतीच्या आत आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. नुसता ईमेल पाठवून थांबू नका.

सुनावणी मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. नियमात तशी तरतूद नसली तरी विद्यार्थ्याला शिक्षा करण्यापूर्वी त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम दास गुप्ता प्रकरणात १९६२ सालीच सांगितलं. मात्र साक्षीदारांच्या उलटतपासणीवर अडून बसू नका. १९७३ च्या हिरानाथ मिश्रा प्रकरणात विद्यार्थ्यांना तशी संधी न देताही केलेली कारवाई टिकली होती.

आता अभ्यासक्रम. तो चालवावा की नाही, यात न्यायालयं सहसा हात घालत नाहीत. शैक्षणिक बाबतीत तज्ज्ञांच्या जागी आपलं मत ठेवायला न्यायालयाने फार नाखूश असावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली महाराष्ट्राच्याच परीक्षा मंडळाच्या प्रकरणात म्हटलं. म्हणून निर्णय चूक की बरोबर यापेक्षा तो घेतला कोणी, हे आधी शोधा. २०१६ च्या विद्यापीठ अधिनियमानुसार शैक्षणिक बाबींची प्रमुख अधिकारिणी विद्यापरिषद आहे. तिथे हा विषय आलाच नसेल, तर तुमची बाजू एकदम बळकट होते. माहिती अधिकारात संबंधित बैठकीची विषयपत्रिका, ठराव आणि इतिवृत्त मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

प्रवेशाच्या वेळची माहितीपुस्तिका सांभाळून ठेवा. प्रवेश घेताना कबूल केलेलं शिक्षण न देणं ही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या विनियमांनुसार तक्रारीची बाब आहे. आधीच प्रवेश घेतलेल्यांचं दुसरं वर्ष पूर्ण करून द्यावं, एवढीच नेमकी मागणी घेऊन विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. ही तक्रार सगळ्यांनी मिळून करा. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरची अपिलं ऐकणाऱ्या विद्यापीठातल्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं.

उच्च न्यायालयात आज जाऊ नका. नुसत्या नोटिशीविरुद्धची याचिका बहुतेकदा 'आधी खुलासा द्या' म्हणून परत येते. पण सुनावणीशिवाय निलंबन झालं किंवा परीक्षेचा अर्ज अडवला, तर एक दिवसही दवडू नका. अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करून परीक्षेला बसू देण्याचा अंतरिम आदेश मागता येतो. त्या वेळी वकिलाला पहिल्यांदा लागेल ती शिक्का मारलेली खुलाशाची प्रत.