अ‍ॅटनबरोंवरच्या परिसंवादात काय विचारावं, म्हणजे नुसती आरती होणार नाही?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: इंग्लंडमधल्या एका छोट्या संग्रहालयात तुम्ही स्वयंसेवक आहात, तिथे निसर्गावरच्या टीव्ही मालिकांचे ब्रिटिश निर्माते-निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या प्रभावावर परिसंवाद ठरलाय, सूत्रसंचालन तुमच्या गळ्यात पडलंय आणि तिन्ही वक्ते त्यांचे भक्त आहेत.

मी लेस्टरमध्ये राहतो, म्हणजे अ‍ॅटनबरो जिथे लहानाचे मोठे झाले त्या गावात. असाच एक कार्यक्रम मी प्रेक्षकांत बसून सोसलाय. पहिल्या वक्त्याने आजीच्या मांडीवर बसून टीव्ही कसा पाहिला ते सांगितलं. दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्याला आजी नव्हती, म्हणून आजोबा आले. चाळीस मिनिटं तिथेच गेली. त्यामुळे ‘तुम्हाला त्यांच्याकडून काय प्रेरणा मिळाली?’ हा प्रश्न तोंडातून काढूच नका.

संग्रहालयात बसलाच आहात तर सुरुवात संग्रहालयाच्या मूळ धंद्यापासून करा, म्हणजे पकडून आणण्यापासून. अ‍ॅटनबरोंचे वडील इथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. प्राणिशास्त्र विभागाला न्यूट हवेत (दिसायला पाल, पण कूळ बेडकाचं) हे कळल्यावर या शाळकरी पोराने नगाला तीन पेन्स लावून ते पुरवले. आणले कुठून, तर त्या विभागाला लागूनच असलेल्या तळ्यातून! पुढे १९५४ साली बीबीसीवर ‘झू क्वेस्ट’ सुरू झालं, तेही याच चालीचं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाची माणसं परदेशी जाऊन प्राणी धरणार आणि बीबीसी ते दाखवणार. अ‍ॅटनबरो खरं तर पडद्यामागचे निर्माते. प्राणिसंग्रहालयाचे जॅक लेस्टर पहिल्याच भागानंतर आजारी पडले, म्हणून अ‍ॅटनबरो कॅमेऱ्यासमोर आले.

त्या पहिल्या मालिकेत ते सिएरा लिओनमध्ये एक पक्षी शोधत होते: पांढऱ्या मानेचा, डोक्यावर पिसं नसलेला, ‘पिकाथार्टीस जिम्नोसेफॅलस’. मालिका चालू असताना लंडनमधल्या एका बस ड्रायव्हरने त्यांना रस्त्यात हाक मारून विचारलं की तो पिकाथार्टीस सापडणार आहे की नाही? मधे एक शिवीही घातली. हा किस्सा ते स्वतः सांगतात. ‘प्रभाव’ म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. टीव्ही तेव्हा बाल्यावस्थेत होता आणि बस ड्रायव्हरच्या तोंडी लॅटिन नाव होतं.

मग १९५६ सालचा कोमोडो. तिथला महाकाय सरडा त्यांनी सापळ्यात पकडला, पण इंडोनेशियाने तो देशाबाहेर न्यायला परवानगी दिली नाही. सरडा बेटावर राहिला, फिल्म लंडनला आली. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा कल या एका नकारात दिसतो. तुमच्या वक्त्यांत कोणी संग्रहपाल असेल तर त्याला हाच प्रश्न घाला: आपल्या कपाटांतले किती नमुने आज आपल्याला आणू दिले असते? आणि ते नसते तर आपण आज काय दाखवलं असतं? इथे भक्त जरा चुळबुळतील. चुळबुळू द्या.

१९७९ च्या ‘लाइफ ऑन अर्थ’ या मालिकेतला, रवांडातल्या गोरिलांमध्ये ते जाऊन बसतात तो प्रसंग कोणीतरी काढणारच. पाच मिनिटं द्या आणि पुढे चला.

आता चौकटीबाहेर काय राहिलं ते. कितीतरी दशकं त्यांच्या पडद्यावर जंगल होतं, पण जंगलात राहणारी माणसं, कुंपणं, रस्ते फारसे नव्हते. ही टीका जुनी आहे आणि मला ती पटते. हवामानबदलाचंही तसंच. हवामानबदलाचा आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय समिती, आयपीसीसी, १९८८ साली स्थापन झाली. अ‍ॅटनबरोंची उरलीसुरली शंका, त्यांच्याच सांगण्यानुसार, २००४ मध्ये राल्फ सिसेरोन या अमेरिकी वातावरणशास्त्रज्ञाचं व्याख्यान ऐकून फिटली. ‘एवढा उशीर का?’ हा प्रश्न उद्धट नाही. पण त्याला लेस्टरमध्येच एक छान जोड सापडते. इथून जवळ चार्नवूडचं जंगल आहे. लहानपणी अ‍ॅटनबरो जीवाश्मांसाठी रानोमाळ हिंडले, पण चार्नवूडच्या खडकांकडे वळले नाहीत, कारण ते खडक इतके जुने की त्यात जीवाश्म असणारच नाहीत असं तेव्हा सगळे मानत. १९५६ मध्ये टीना नेगस या शाळकरी मुलीने तिथे पानासारखा ठसा पाहिला. शाळेत तिला उडवून लावलं. पुढच्या वर्षी रॉजर मेसन या मुलाला तोच दिसला आणि त्याचं ऐकलं गेलं. नाव पडलं ‘चार्निया मेसोनी’, वय सुमारे ५६ कोटी वर्षं. मूळ दगड लेस्टरच्या संग्रहालयात आहे. जाणकारांच्या एकमताची वाट पाहणारा माणूस कधी बरोबर ठरतो आणि कधी मागे राहतो, यावर तुमचे तिघे अर्धा तास सहज भांडतील.

‘ब्लू प्लॅनेट टू’ या त्यांच्या समुद्रावरच्या मालिकेनंतर (२०१७) लोकांनी प्लास्टिक सोडलं, असं कोणी छातीठोकपणे म्हणालं तर हळूच सांगा की ब्रिटनमध्ये यावर प्रयोग झालाय. ती मालिका पाहिलेल्यांचं ज्ञान वाढलं, प्लास्टिक निवडण्याची सवय मात्र बदललेली दिसली नाही. याचा अर्थ प्रभाव शून्य असा मी घेत नाही. एका संध्याकाळी पाहून माणूस बदलत नाही, एवढंच. प्रभाव शोधायचाच तर तो प्राण्यांना नावं देणाऱ्यांत शोधा. त्यांच्या नावाच्या प्रजाती डझनावारी आहेत. त्यातला माझा लाडका केरळमधला ‘सिटाना अ‍ॅटनबरोई’, गळ्याशी पंखा उघडणारा सरडा, २०१८ साली नोंदलेला. (त्याच्या भाऊबंदांच्या एका वंशाचं शास्त्रीय नाव तर थेट आपल्या मराठीवरून ‘सरडा’ असंच ठेवलंय. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा त्यातला नर गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडतो तेव्हा बघत राहावं.) एखादा वक्ता प्रत्यक्ष संशोधन करणारा असेल तर त्याला विचारा: या कामाला तू टीव्ही पाहून आलास, की घरामागच्या ओढ्यातून?

वेळ दीड तासच असेल तर प्लास्टिक गाळा, कोमोडो ठेवा. आणि चार्नियाचा साचा उसना मिळत असेल तर तो टेबलावर मधोमध ठेवा. लोक वक्त्यांपेक्षा त्याच्याकडेच बघत बसतील, पण चालेल.