घरून शेंगा चटणी विकायची तर कुठले कागद लागतात

ताई, तुम्ही विचारलंय की घरूनच शेंगा चटणी आणि कडक भाकरी पॅक करून विकायचीय आणि एजंट म्हणतोय सगळ्या लायसन्सचं एकदम पॅकेज घ्या, तर घ्यावं का. नका घेऊ. त्यातलं निम्मं तुम्हाला आत्ता लागतच नाही.

आधी एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचं, रजिस्ट्रेशन करा, घरून धंदा असला तरी ते लागतंच. त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा टाकून स्वतः फॉर्म भरता येतो, छोट्या धंद्याला सरकारी फी वर्षाला १०० रुपये. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तर पूर्ण फुकट आहे, फक्त साइटच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना ते नीट बघा, सारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट खूप आहेत आणि त्या पैसे मागतात. गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-आस्थापनेच्या नोंदणीचं म्हणाल तर वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. जीएसटी पुण्या-मुंबईला माल पाठवला म्हणून लगेच लागत नाही, पण कर लागणारा माल राज्याबाहेर पाठवणार असाल तर आधी सीएला विचारा.

खरं लक्ष द्यायचं ते पाकिटावर. बहुतेक लोक इथंच अडकतात. नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत खायचं, तक्रारीसाठी फोन, हिरवा ठिपका, हे सगळं पाहिजे, आणि शेंगदाणा आहे हे अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी वेगळं लिहायचं. पॅकर म्हणून वजनमापे खात्यात नोंदणी करायची आणि काट्याला दरवर्षी शिक्का मारून घ्यायचा. मुदत मात्र दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवू नका हो, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दाण्याचं तेल लवकर खवट होतं, तुमच्याच चटणीची चार पाकिटं ठेवून दर आठवड्याला एक फोडून चव बघा. आणि भाकरीवर मंगळवेढ्याची ज्वारी असं उगाच टाकू नका, तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे.

सोलापूरच्या गड्डा यात्रेत स्टॉल टाकायचा असेल तर दिवाळीच्या आधीच एफएसएसएआयचा फॉर्म भरा, आणि त्यांचा चौदा आकडी नंबर हातात आल्याशिवाय लेबलं छापायला देऊ नका, कारण नंबर लेबलवरच छापावा लागतो.