विश्रांतीतील नाडी कोणाशी ताडून पाहावी?

प्रश्न : माझे वय 58 असून गेली चार वर्षे मी रोज सकाळी कमाटीबागेत पाऊण तास भरभर चालतो. मुलाने मला नाडी दाखवणारे मनगटी घड्याळ भेट दिले, तेव्हापासून मन अस्वस्थ आहे. माझी विश्रांतीतील नाडी 70 ते 74 असते. सायकल चालवणाऱ्या मुलाची 54, आणि घराबाहेर फारशी न चालणाऱ्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माझ्या पत्नीची 56. माझे चार वर्षांचे चालणे वाया गेले असे समजावे का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : मुळीच नाही. आपल्या घरातील तिन्ही आकडे खरे असतील, परंतु त्या तिघांची कारणे वेगवेगळी आहेत आणि म्हणून ते एका रांगेत मांडून कोण अधिक तंदुरुस्त हे ठरवता येत नाही.

शरीर स्वस्थ असताना हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलते. एका ठोक्यासरशी 70 मिलिलिटर रक्त जात असेल, तर त्यासाठी सत्तरहून किंचित अधिक ठोके लागतात. दीर्घकाळ सायकल चालवणाऱ्याच्या किंवा धावणाऱ्याच्या हृदयाचा कप्पा मोठा होऊन एका ठोक्याला 100 मिलिलिटर जाऊ लागले, की तेच काम 50 ठोक्यांत होते. शिवाय हृदयाच्या गतिकेंद्राला मोकळे सोडले तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. त्याला लगाम घालणारी व्हेगस नावाची नस दमश्वासाच्या, म्हणजे सायकल किंवा धावण्यासारख्या दम वाढवणाऱ्या, व्यायामाने अधिक प्रभावी होते. आपल्या मुलाच्या 54 या आकड्यामागे बहुधा हेच आहे.

पत्नीच्या गोळीचे नाव आपण कळवलेले नाही. पाकिटावर अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा तत्सम नाव असेल, तर ते औषध हृदयाची गती मुद्दाम कमी करते, आणि मग 56 हा आकडा त्यांच्या तंदुरुस्तीपेक्षा त्या गोळीचा अधिक आहे. त्यात वाईट काही नाही. मात्र आकडा कमी दिसतो म्हणून ती गोळी स्वतःहून बंद करू नये, हे मी आग्रहाने सांगतो, कारण असे औषध एकाएकी थांबवणे धोक्याचे ठरू शकते.

आता आपल्याविषयी. प्रौढ व्यक्तीची विश्रांतीतील नाडी 60 ते 100 असणे सर्वसाधारण मानले जाते, आणि सारखाच व्यायाम करणाऱ्या दोघांत अनुवंशामुळे व हृदयाच्या आकारामुळे दहा ठोक्यांचा फरक सहज पडतो. चालण्याने रक्तदाब, साखर आणि दम यांवर चांगला परिणाम होतो. नाडी मात्र थोडीच उतरते, काहींची जवळपास तेवढीच राहते. म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी नव्हे, तर आपल्याच मागच्या महिन्याच्या आकड्याशी तुलना करावी.

त्यासाठी मोजणी नीट हवी. पहाटे जाग आल्यावर, उठण्याआधी आणि चहापूर्वी, उताण्या स्थितीत तर्जनी व मधले बोट दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या कडेला ठेवावे. फार दाबले तर नाडी हरवते; हलकेच टेकवले की बोटाखाली ती उसळताना जाणवते. अंगठ्याने मोजू नये, कारण त्याची स्वतःची नाडी लागून गोंधळ होतो. पूर्ण 60 सेकंद मोजून आकडा लिहावा आणि सात दिवसांची सरासरी काढावी. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लहर टिपते. पट्टा सैल असला की ते चुकते.

एखाद्या दिवशी आकडा वर गेला तर खचून जाऊ नये. मे महिन्यातील वडोदऱ्याच्या उकाड्यात पाणी कमी पडले, नवरात्रात गरब्यामुळे झोप अपुरी झाली किंवा ताप आला, तर नाडी वाढतेच. तापात दर अंश सेल्सिअसला सुमारे दहा ठोक्यांची भर पडते. परंतु कारण नसताना सरासरी काही आठवडे आठ-दहा ठोक्यांनी चढलेली राहिली, तर रक्तक्षय व थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. स्वस्थ बसूनही नाडी सतत शंभराच्या वर असेल, ठोके अनियमित लागत असतील, किंवा पन्नासच्या खाली जाऊन चक्कर येत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढावा. छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली तर क्षणभरही वाट पाहू नये.

आपल्या चालण्याचे फळ पाहायचेच असेल, तर मला नाडीच्या उताराची चाचणी अधिक बोलकी वाटते. नेहमीच्या वेगाने चालून कमाटीबागेतील फुलांच्या घड्याळापाशी थांबावे, लगेच पंधरा सेकंद नाडी मोजून चाराने गुणावे आणि एक मिनिटाने पुन्हा तसेच करावे. दमश्वास सुधारला, की त्याच वाटेवर त्याच वेगाने चालूनही पहिला आकडा महिन्यागणिक कमी येतो आणि मिनिटभरातला उतार वाढतो. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, हे दोन आकडे वहीत टिपत जावे.