नोरिकोची एका दिवसाची रजा

प्रश्न : जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ हा चित्रपट नुकताच पाहिला. आईवडील रत्नागिरीहून आमच्याकडे येतात, तेव्हा बोरिवलीच्या वन रूम किचनमध्ये आठ दिवसांत सर्वांचीच चिडचिड होते. मागच्या खेपेस आम्ही दोघांना सहल कंपनीबरोबर माथेरानला पाठवून दिले. चित्रपट पाहिल्यापासून ते मनाला लागून राहिले आहे. ओझूंनी आमच्यासारख्या मुलांना दोषी ठरवले आहे का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : माझ्या मते नाही. १९५३ सालच्या या चित्रपटात ओझू आणि त्यांचे सहलेखक कोगो नोदा यांनी एकाही मुलाला खलनायक केलेले नाही. दूरच्या ओनोमिची गावाहून म्हातारे आईवडील टोकियोला मुलांकडे येतात, ते आधी थोरल्या कोइचीकडे. तो वस्तीतला डॉक्टर. रविवारी त्यांना शहर दाखवायला निघता निघता रोग्याचे बोलावणे येते आणि बेत राहून जातो. घर एवढेसे, की आजीआजोबांच्या अंथरुणासाठी नातवाचे अभ्यासाचे टेबल हलवावे लागते आणि तो फुरंगटून बसतो. चाळीत वाढलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको. लेक शिगे हिला मात्र मीही सहज माफ करू शकत नाही, कारण आईच्या अंत्यविधीनंतर जेवायला बसल्या बसल्याच ती आईचे कपडे आठवण म्हणून मागून घेते.

आपल्या माथेरानसारखेच तिथे आतामी आहे. मुले पैसे काढून दोघांना त्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी धाडतात. रात्रभर इतर पाहुण्यांचा खेळ आणि गाणीबजावणी चालू राहते, डोळ्याला डोळा लागत नाही, आणि सकाळी समुद्राकाठच्या बांधावरून उठताना म्हातारीला घेरी येऊन ती क्षणभर खाली वाकून बसते. त्या वेळी सोबत पोटचे कोणीही नसते.

आता धाकटी सून नोरिको पाहा. तिचा नवरा युद्धात गेला त्याला आठ वर्षे झाली आहेत, ती नोकरी करून एका खोलीत राहते आणि सासऱ्यांसमोर ठेवायची साके, म्हणजे तांदळाची दारूसुद्धा शेजारणीकडून उसनी आणते. जागा आणि पैसा दोन्ही सर्वांत कमी असलेली हीच बाई कचेरीतून एका दिवसाची रजा काढून सासूसासऱ्यांना बसमधून टोकियो दाखवते. ओझूंनी तिलाही देवी केलेले नाही. अलीकडे दिवसचे दिवस नवऱ्याची आठवणही येत नाही, असे ती शेवटी सासऱ्यांना रडत सांगते, आणि ते तिला बायकोचे जुने घड्याळ देतात.

म्हणून आपले घर लहान आहे याची खंत बाळगू नका. माथेरानला पाठवले यातही गैर काही नव्हते, फक्त तुमच्यापैकी एकजण बरोबर जायला हवा होता. पुढच्या खेपेस मधल्या वारी एक रजा काढा. दुपारच्या धीम्या लोकलला बोरिवलीहून खिडकीची जागा मिळते. दोघांना समोरासमोर बसवून चर्नी रोडला उतरवा आणि ऊन कलले की चौपाटीवर न्या.