जॅकार्ड डिझाइनची हार्डडिस्क अडकते आहे, घरी डेटा काढता येईल का?

तुमच्या 1 टीबीच्या यूएसबी हार्डडिस्कवर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याची, जॅकार्ड मागावर विणायच्या चादरींची डिझाइन्स आहेत, डिस्क दिसते पण फोल्डर उघडला की कॉम्प्युटर अडकतो, असं तुम्ही लिहिलंय. आधी डिस्क कानाशी धरा. ठरावीक लयीत टक-टक येत असेल किंवा तबकडी फिरतच नसेल, तर ती पुन्हा लावू नका. डेटा वाचणारं हेड आणि डेटा साठवणारी तबकडी यांत जेमतेम काही नॅनोमीटर अंतर असतं. बिघडलेलं हेड घासलं, तर ओरखडा पडला तेवढा डेटा कायमचा जातो. अशी डिस्क क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबकडेच द्या. घरी उघडू नका, फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका, आत दव धरतं.

आवाज नेहमीसारखा असेल तर आधी केबल बदला आणि हब न वापरता थेट पोर्टला लावा. तरीही अडकत असेल तर विंडोजमधून काढाच. ‘फॉरमॅट करायचं का’ विचारलं तर नाही म्हणा. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवू नका. ते मरणाऱ्या डिस्कवरच लिहायला लागतं आणि फाइलींच्या नोंदी उडवतं.

आता मुख्य काम: फाइली एकेक कॉपी करायच्या नाहीत, आख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलीत जशीच्या तशी नक्कल, घ्यायची. 2 टीबीची चांगली डिस्क हवी, ती एनटीएफएस किंवा ईएक्सटी4 प्रकारात फॉरमॅट केलेली असू दे (फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही). उबुंटू लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, ऑटोमाउंट (डिस्क आपोआप उघडणं) बंद करा आणि ‘जीडीडीरेस्क्यू’ पॅकेज टाका, इमेज घेणारा डीडीरेस्क्यू प्रोग्राम त्यात असतो. कुठली डिस्क कुठल्या नावाने दिसते ते आकार पाहून कागदावर लिहा. जुनी आणि नवी उलटसुलट झाली तर सगळं संपलं. पहिली फेरी ‘नो-स्क्रेप’ पर्यायाने घ्या: चांगला भाग आधी निघतो, खराब जागा सोडून दिल्या जातात. दुसऱ्या फेरीत त्याच जागांवर 3 वेळा प्रयत्न करायला सांगा. मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद ठेवणारी फाइल) दिलीच पाहिजे. वीज गेली तरी थांबल्या जागेपासून काम पुढे चालू होतं. आणि मॅपफाइल पेनड्राइव्हच्या तात्पुरत्या मेमरीत नको, नव्या डिस्कवर ठेवा.

निरोगी 1 टीबी सेकंदाला 100 एमबीने पावणेतीन तासांत निघते. खराब डिस्कला दिवस लागतात. सोलापूरच्या एप्रिल-मे च्या उन्हात हे काम रात्री करा, डिस्कवर टेबल फॅनचा वारा असू द्या. डिस्कचं तापमान 50 अंशांच्या वर गेलं तर थांबवा, थंड होऊ द्या.

पुढचं सगळं इमेजच्या प्रतीवर, मूळ डिस्क कपाटात. फोटोरेक हा डेटा काढणारा प्रोग्राम फाइली त्यांच्या आतल्या ठेवणीवरून ओळखतो, नावं आणि फोल्डर गमावतो. जॅकार्ड सॉफ्टवेअरची ठेवण त्याला माहीत असेलच असं नाही. त्यामुळे आधी डीएमडीई किंवा टेस्टडिस्क या प्रोग्रामने फोल्डरांसकट फाइली काढा.

एक गोष्ट हमखास राहते. न वाचलेल्या जागी इमेजमध्ये शून्यं असतात, त्यामुळे फाइल उघडते आणि अर्धं डिझाइन गायब असतं. प्रतीवर डीडीरेस्क्यूचा ‘फिल मोड’ चालवून त्या जागांत एखादी खुणेची ओळ भरा, मग काढलेल्या फाइलींत ती ओळ शोधा. जिथे सापडेल ती फाइल लूमवर चढवू नका.