‘तुमचा पीसी चालणार नाही’ : विंडोज ११ बद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. प्रोसेसर आय५-९४००, रॅम ८ जीबी. तरी मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे तपासणीचं ॲप म्हणतं, विंडोज ११ चालणार नाही. दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतो. बदलू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : अजिबात नको. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, तुमची नववी आहे. अडलंय ते बहुधा बायोसमधल्या, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममधल्या सेटिंगमुळे. असेंबल केलेल्या पीसीत टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) बरेचदा बंदच ठेवलेलं असतं आणि विंडोज लेगसी, म्हणजे बूट होण्याच्या जुन्या पद्धतीने टाकलेली असते.

आधी खात्री करा. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबून ‘एमएसइन्फो३२’ इंग्रजीत टाइप करा. ‘बायोस मोड’समोर ‘लेगसी’ दिसलं, तर डिस्क बहुतेक एमबीआर, म्हणजे पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीची आहे. ती आधी जीपीटी या नव्या पद्धतीची करायची आणि मगच बायोसला हात लावायचा. क्रम उलटा झाला तर विंडोज सुरूच होत नाही, आणि माणूस घाबरून पीसी फॉरमॅट करून बसतो.

डिस्कची पद्धत बदलायला विंडोज १० मध्येच सोय आहे. महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ‘सस्पेंड’ करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एमबीआर२जीपीटी ही आज्ञा इंग्रजीत सलग टाइप करा. तिच्यापुढे जागा सोडून स्लॅश व्हॅलिडेट, पुन्हा जागा सोडून स्लॅश अलाउफुलओएस. ही नुसती तपासणी आहे. ती पार पडली की तीच ओळ ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ घालून चालवा. तपासणीत नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असणं. नवीन बूट पार्टिशनसाठी जागा हवी, म्हणून तीनपेक्षा जास्त चालत नाहीत.

आता रीस्टार्ट करून डिलीट किंवा एफ२ ने बायोसमध्ये जा. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद करा, बूट मोड युईएफआय, म्हणजे नवी पद्धत ठेवा. टीपीएम या नावाने काही सापडणार नाही कदाचित. इंटेलच्या बोर्डवर ते ‘पीटीटी’, एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ असतं. ते चालू करा. जुनं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळी पडू शकते. बोर्ड बिघडला नाही, कार्डला युईएफआय कळत नाही. कार्ड काढा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. तुमच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहेच.

प्रश्न : आय५-६५०० आहे. यावर विंडोज ११ टाकून देतो असं एकजण म्हणतोय. – एक वाचक, अकोला

उत्तर : आकड्यातला पहिला अंक पिढी सांगतो. तुमची सहावी, म्हणजे विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीबाहेर. (१०४०० सारखा पाच आकडी असेल तर पहिले दोन अंक बघायचे.) तपासणी टाळून टाकता येते, पण अशा पीसीला पुढचे अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ऑफिसच्या हिशेबाचा पीसी असेल तर हा धोका पत्करू नये असं आमचं मत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मात्र विंडोज १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर असाल तर विंडोज अपडेटच्या पानावरून जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करता येते. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. नुसतं इंटरनेट आणि टायपिंग असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून पीसी आणखी काही वर्षं सहज चालेल. हार्ड डिस्क काढून सॅटा एसएसडी लावलीत तर फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

प्रश्न : छापखान्याचा पीसी ३२-बिट विंडोज १० वर आहे. जुने मराठी फॉन्ट, डॉसवरचा हिशेब आणि डोंगल (पीसीला जोडायची किल्ली) लागणारं सॉफ्टवेअर आहे. अपग्रेड केलं तर? – एक वाचक, सांगली

उत्तर : विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाहीच, त्यामुळे फाइली जागच्या जागी ठेवून अपग्रेड होणार नाही. प्रोसेसर यादीतला असला तरी सगळं पुसून नव्याने टाकावी लागेल. मग फॉन्टही जातील. बिगर-युनिकोड फॉन्ट गेला, की त्यात टाइप केलेला मजकूर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखा दिसतो. मजकूर शाबूत असतो, फक्त तो दाखवणारा फॉन्ट नसतो. म्हणून विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधल्या फाइली पेन ड्राइव्हवर आधी कॉपी करा.

डॉसचा १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर उघडत नाही. डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवून बघा. छपाईचं मात्र तिथे नेहमी जमतंच असं नाही. डोंगलसाठी ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, हे सॉफ्टवेअर विकणाऱ्याला आधी विचारा. नाही म्हणाला, तर हा पीसी नेट काढून आहे तसाच ठेवा आणि नवा वेगळा घ्या.

प्रश्न : अपग्रेड केलं, आवडलं नाही. परत जाता येतं? – एक वाचक, फोंडा

उत्तर : जागच्या जागी केलेलं असेल तर १० दिवसांत. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’. तोवर सी ड्राइव्हवरचं ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर जागा रिकामी करण्याच्या नादात उडवू नका, परतीची वाट त्यातच आहे.