'आईचा उदो'मधला ओ

नाशिकच्याच एका ताईंनी विचारलंय: पेपरात 'पुढाऱ्याचा उदोउदो' हा टोमणा असतो, मग वणीच्या गडावर देवीपुढे तोच शब्द कसा चालतो?

अहो, शब्द मुळात देवीचाच. पण आधी मला फ्लेक्सवाल्यांशी भांडायचंय. नवरात्र आलं की कालिकेच्या यात्रेपासून दिंडोरी रस्त्यापर्यंत 'आईचा उधो उधो' झळकतं. (खाली 'सप्तश्रृंगी'. श ला ऋ जोडल्यावर वर आणखी र कशाला? शृंग म्हणजे शिखर. सात शिखरांची ती सप्तशृंगी.) उधो म्हणजे हिंदी पदांतला उद्धव. कृष्णाच्या सख्याचं साडेतीनातल्या अर्ध्या पीठावर काय काम?

उदो म्हणजे उदय, हे कुणीही सांगेल. गंमत त्या ओमध्ये आहे. पसायदान म्हणता ना? 'विश्वेशरावो', 'दानपसावो', 'ज्ञानदेवो'. जुन्या मराठीत पुल्लिंगी नामाच्या प्रथमेला असा ओ लागे. निश्चयचं निश्चयो, विषयचं विषयो, तसं उदयचं उदयो. संबळाच्या ठेक्यावर ओरडता ओरडता मधला य गळाला. 1290च्या ज्ञानेश्वरीतला ओ आपल्या बोलण्यातून कधीच गेला, गोंधळ्याच्या गळ्यात मात्र राहिला!

एका विद्वानांनी मला ऐकवलं की हे 'येवो', 'नांदो'सारखं आशीर्वादाचं क्रियापद आहे. म्हटलं, मग 'आईचा'तला चा कुणासाठी? 'आईचा येवो' म्हणून दाखवा! चा पुढच्या पुल्लिंगी नामाकडे बघतो, आणि ते नाम म्हणजे उदो. ते गप्प झाले, पटलं मात्र नाही. 'उदे गं अंबे उदे'मधलं उदे हे खरं क्रियापद: उगव, आई.

म्हणूनच उदो म्हणजे नुसता जयजयकार, हे मला मान्य नाही. गोंधळ मांडतात रात्री, दिवटी पेटवून. आसपास अंधार, आणि राखणीला बोलवायची ती आई. अशा वेळी माणूस 'जिंक' म्हणेल की 'उगव'? माझा तर्क आहे, पण सोडणार नाही.

ताई, तुमच्या टोमण्याचं राहिलंच. 'आरती ओवाळणे', 'भजनी लागणे' यांचंही तेच झालंय. देव्हाऱ्यातले शब्द पुढाऱ्यांना चिकटवायची आपली जुनी खोड.